आधी मोरी बघणाऱ्या आक्का

विमलआक्का कुठलीही वेबसाईट उघडली की पहिल्यांदा तिच्या तळाशी जायच्या. वर फुलं उधळत असोत, अक्षरं नाचत असोत की कोणी हात जोडून स्वागत करत असो, त्यांचं लक्ष नसे. कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, बोट काचेवर यायचं आणि पान सरसर खाली जायचं. अगदी शेवटी, जिथं बारीक अक्षरांत नाव-पत्ता असतो, तिथं पोचल्या की थांबायच्या. नाव-पत्ता नसला तर फोन पालथा ठेवायच्या. "जिम्मेदार कोण हाय ते लिवलंच न्हाई. मग वरची फुलं काय डोक्यात माळू?"

ही सवय नोकरीतली. उभी हयात त्या सरकारी मुलींच्या वसतिगृहांत गृहपाल होत्या, आधी भोकरला, मग बिलोलीला. नव्या ठिकाणी बदली झाली की लोक त्यांना ऑफिसात बसवून चहा पाजायला बघायचे, आणि त्या चहा थंड होऊ देऊन सरळ न्हाणीघराकडं चालू लागायच्या. "बैठकीची खोली सगळ्यांचीच चांगली असती," त्या म्हणायच्या. "आधी मोरी बगावी. मोरी खोटं बोलत न्हाई."

मी नांदेडचा. गाव भोकर तालुक्यातलं, पण शेती भावाकडं सोपवून मी वजिराबादेत फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. वाढदिवसाचे फ्लेक्स कमी पडू लागले असं नाही. नांदेडात ते कधीच कमी पडणार नाहीत. पण शेजारच्या दुकानांतही तीच मशीन आली, म्हणून एका उन्हाळ्यात मी पाटीवर 'वेबसाईट बनवून मिळेल' एवढी ओळ वाढवली. ओळ वाढवायला काही शिकावं लागत नाही. एक तयार साचा घ्यायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचे. शाळेचा साचा दवाखान्याला, दवाखान्याचा मंगल कार्यालयाला. एका मंगल कार्यालयाच्या पानावर 'आपत्कालीन सेवा चोवीस तास' हे वाक्य वर्षभर तसंच होतं. तक्रार कोणी केली नाही, कारण मालकासकट कोणीच ते पान उघडत नव्हतं.

आक्का दुकानात आल्या त्या पाटी करायला. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मुलगी प्रज्ञा लातूरला बँकेत होती, म्हणून तिथं दोन मजल्यांचं घर घेतलं होतं, आणि क्लाससाठी लातूरला येणाऱ्या मुलींसाठी त्यात वसतिगृह आणि मेस सुरू करायची होती. निवृत्तीचं जे काही मिळालं ते सगळं त्या दोन मजल्यांत गेलं होतं. मी त्यांना पाटी दिली आणि वर वेबसाईटही गळ्यात घातली.

"म्हणजे नेमकं काय होतं त्येनं?"

"आक्का, तुमचं हॉस्टेल जगभर दिसेल."

"जगानं बघून काय करायचं? माझ्याकडं बिलोलीच्या, देगलूरच्या, भोकरच्या पोरी येणार. तिथल्या बापाच्या फोनवर दिसंल का, तेवढं सांग."

धंद्यात पडल्यापासून गिऱ्हाइकानं विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. मी त्याला 'दिसेल ना' असं अत्यंत आत्मविश्वासानं उत्तर दिलं आणि कामाला लागलो. वेबसाईटचं नाव दिवाळीतच वर्षभरासाठी विकत घेतलं ते माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, माझ्या मोबाईल नंबरवर. आमच्याकडं असंच करतात. गिऱ्हाईक म्हणतं, तूच बघ बाबा, तू आपला माणूस. मग आपला माणूस सगळं आपल्याच नावावर घेतो. गवंड्यानं घर बांधून सातबारा स्वतःच्या नावावर केला तर लोक त्याला गावातून हाकलतील. वेबसाईटवाल्याला मात्र चहा पाजून गाडीपर्यंत सोडायला येतात.

लोकार्पण गुढीपाडव्याला लातूरच्या घरी झालं. वेबसाईटचं लोकार्पण कसं करतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मॉनिटरला लाल फीत बांधतात, एका ताटात कात्री ठेवतात, आणि फीत कापली की मागं उभा असलेला माणूस, म्हणजे मी, माऊस दाबतो. फीत कापायला एक माजी सभापती आले होते. त्यांचा हात जोडलेला फोटो मी पहिल्या पानावर सगळ्यात वर टाकला होता, फ्लेक्सवर टाकतात तसा. खाली शुभेच्छुकांची रांग. टाळ्या झाल्या, पेढे झाले, सभापती गेले. मग आक्कांनी चष्मा नाकावर घेतला.

"हे सायेब कोणत्या खोलीत ऱ्हाणार हायत?"

"आक्का, ते उद्घाटक…"

"मुलींचं हॉस्टेल हाय गजानन. पयल्या पानावर बाप्या बघून कोणता बाप पोरगी धाडंल?"

त्या दुपारी त्यांनी माझ्या कामाची जी तपासणी केली तशी कुठल्या सरकारी अधिकाऱ्यानं कधी त्यांच्या वसतिगृहाची केली नसेल. पानावर पाहुण्यांचा आकडा दाखवणारी एक खिडकी होती. नवी साइट ओस वाटू नये म्हणून मी तो आकडा पंचवीस हजारांपासून सुरू केला होता. सगळेच करतात.

"आज सकाळी चालू झाली आन् पंचवीस हजार मानूस येऊन गेलं? चहा कोणी पाजला त्यास्नी?"

मग 'चोवीस तास पाणी'. ते साच्यातच होतं. मी बघितलंही नव्हतं. आक्का लातूरच्या घरात, रिकाम्या नळाशेजारी उभ्या राहून मला ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. मग फोटो. पांढऱ्याशुभ्र चादरी, लाकडी कपाट, खिडकीत झाड, आणि पलंगावर पुस्तक घेऊन पहुडलेली सोनेरी केसांची मुलगी.

"ही पोरगी कुठली? देगलूरची?"

मी म्हणालो, नमुना म्हणून टाकली आहे.

"आसं? मग पलंगासंगट हिला बी पाठवून दे. पोरींचं इंग्रजी तर सुधारंल."

सगळ्यात शेवटी त्या तळाशी गेल्या. तिथं माझ्या दुकानाचं नाव, माझा फोन नंबर आणि 'आकर्षक वेबसाईट बनवून मिळतील' हे ठळक अक्षरांत होतं. त्यांचं नाव 'आमच्याबद्दल' या पानावर होतं, आणि ते नुसतं 'विमलताई' असं होतं. आक्कांनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं. त्यांचं पूर्ण नाव विमल सोनकांबळे.

"माझं आडनाव कुठं गेलं?"

मी सांगितलं, छोटं नाव लोकांच्या लक्षात राहतं. त्यांचं बोट तिथंच होतं. म्हणून मी आणखी सांगत गेलो, की धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर पालक सगळ्या प्रकारचे असतात, स्वयंपाकाची मेस आहे, उगाच कशाला. मी जात मानणारा माणूस नाही असं मला तोपर्यंत अगदी मनापासून वाटत होतं. आपण काय मानतो हे बहुधा आपल्याला साचा भरतानाच कळतं.

"सगळ्या परकारचे म्हंजी कसले?" त्यांनी विचारलं. मी माऊस फिरवत बसलो. मग त्या खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि मुलीला गणित समजावून सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "हे बग. लोक फोन करतात तवा आदी दर विचारीत न्हाईत. आदी विचारतात, आपण कुठले, आडनाव काय, पाव्हणे कोण. तेवढी त्यांची तकलीफ वाचवू. सोनकांबळे लिव, मोठ्या अक्षरात. ज्याला चालत न्हाई त्याला बिलोलीत बसूनच कळंल. त्याचं यष्टीचं भाडं वाचंल, माझा चहा वाचंल."

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागू लागलो. मला ती सवय आहे. बायको म्हणते मी झोपेतही माफी मागतो. आक्कांनी हात वर करून मला थांबवलं. "माफी मागून राहिलास तवर आडनाव टाकून झालं असतं."

साइट पुन्हा केली. मजकूर त्यांनी तोंडानं सांगितला, मी टाईप केला. तो असा होता: 'नळाला पाणी रोज येत नाही. टाकी मोठी आहे, तरी आंघोळ बादलीनं करावी लागेल. एका खोलीत तिघी. खिडकी एक. भाजी रोज, गोड रविवारी. भाऊ असला तरी गेटपर्यंतच.' फोन नंबर सगळ्यात वर. "मानूस कशासाठी येतो पानावर? फोन लावायला. त्येला शोधायला लावायचं म्हंजी दारात उभं करून कडी न काढणं." फोटो त्यांनी स्वतः काढले आणि पहिल्या पानावर पहिला फोटो टाकायला लावला तो न्हाणीघराचा. मोरीचा फोटो पहिल्याच पानावर असलेली दुसरी वेबसाईट मी आजवर पाहिलेली नाही, आणि मी खूप वेबसाईटी पाहिल्या आहेत, त्यातल्या कितीतरी वाईट मी स्वतः केलेल्या आहेत.

मला वाटलं होतं, या साइटवर कुत्रंही येणार नाही. जूनमध्ये मी लातूरला गेलो तेव्हा अंगणात बिलोलीचं एक कुटुंब उभं होतं. माधवराव, किराणा दुकानवाले. त्यांची बायको शांताबाई. आणि दोघांच्या मध्ये बॅग धरून उभी असलेली मुलगी. माधवरावांनी आधी नळ फिरवून बघितला. नळातून हवा आली.

"खरंच न्हाई की पाणी," ते समाधानानं म्हणाले. "मी सगळ्या हॉस्टेलच्या येबसाईटी बगितल्या आक्का. सगळीकडं चोवीस तास पाणी. म्हनलं ही एकच बाई खरं बोलायली. मग बाकीचं बी खरं असंल."

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती. जेवायची वेळ झाली होती. त्यांनी सगळ्यांना पानावर बसवलं. शांताबाई बसल्या नाहीत. पदर सावरून भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "मला उपास हाय."

"कसला?"

"मंगळवारचा."

"बरं," आक्का म्हणाल्या. पातेल्यातलं वरण ढवळत होत्या. "पोरीला बी हाय का मंगळवार? दोन वरसं धरावा लागंल म्हणून विचारलं."

माधवराव ताटाकडं बघू लागले. मुलीनं भाकरी मोडली आणि खायला लागली. शांताबाई भिंतीला टेकून तिचं खाणं बघत राहिल्या, आणि जाताना मुलीला न सांगता आक्कांना तेवढं सांगून गेल्या की तिला कारल्याची भाजी आवडत नाही. मुलगी राहिली.

साइट चालवणं म्हणजे काय हे मी आक्कांकडून शिकलो, आणि शिकलो म्हणण्यापेक्षा बोलणी खाऊन पाठ केलं. जागा भरल्या की त्याच दिवशी फोन: "'परवेश चालू' काढ. आत जागा न्हाई आन् दारावर या म्हणून लिवलंय, ह्येला काय म्हणायचं?" गॅस संपून मेस एक दिवस बंद राहिली तर तेही पानावर लिहायला लावायच्या. मी एकदा हौसेनं मागं हलणारं निळं आकाश टाकलं. दुसऱ्या दिवशी फोन. "तुझ्या बायकोचा फोन घे. तुझा भारीतला नको, तिचा. घराबाहेर, विष्णुपुरीच्या फुडं जाऊन उघड." मी खरोखर गेलो. विष्णुपुरीच्या धरणापलीकडं रस्त्याकडेला उभा राहून मी ते आकाश उतरताना पाहिलं. आधी वरची पट्टी आली, मग काहीच नाही. एक ऊसतोडणीचा ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी फोन नंबर आला नव्हता. संध्याकाळपर्यंत मी आकाश काढून टाकलं.

एवढं सगळं शिकवून घेणाऱ्या माणसानं निदान स्वतःचं एक काम चोख करावं. मी केलं नाही.

वेबसाईटचं नाव विकत घेतलं म्हणजे ते कायमचं आपलं होत नाही. मुदत संपायच्या आत ते पुन्हा घ्यावं लागतं. तशा आठवणी मला ईमेलवर येत होत्या. ज्या ईमेलवर येत होत्या तो मी फ्लेक्सच्या डिझाइनसाठी उघडलेला होता, आणि त्यात शेकड्यानं वाढदिवस साचले होते. मी तो उघडणं सोडून दिलं होतं. दिवाळीनंतर आक्कांचा फोन आला, पान उघडत नाही.

"सर्व्हरला प्रॉब्लेम आहे आक्का. आपोआप होईल."

हे वाक्य आमच्या धंद्यात दर आठवड्याला कुठं ना कुठं बोललं जातं. त्याचा अर्थ 'मी बघितलेलं नाही' असा असतो. आक्कांनी पुन्हा फोन केला. "सर्व्हर लईच आजारी असंल तर भेटाया येऊ का? नारळपाणी घेऊन येते." मी हसलो आणि म्हणालो, दोन दिवसांत करतो. हिवाळ्यात हॉस्टेलची साइट कोण बघतो, असं मी मनाशी म्हणालो. लग्नसराईचे फ्लेक्स होते. आक्का विचारत राहिल्या, मी पुढची तारीख देत राहिलो.

मे महिन्यात प्रज्ञानं मला एक फोटो पाठवला. फोटोत आमच्या साइटचं नाव वर होतं, आणि खाली हिरव्या टेबलावर पत्ते पसरून बसलेली, खांदे उघडे टाकलेली एक बाई होती. 'या, रमी खेळा.' मी सोडून दिलेलं नाव कोणीतरी उचललं होतं. आणि हा फोटो लातुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता, खाली शेरा: 'सोनकांबळे बाईंचं हॉस्टेल. मुलींना काय शिकवतात बघा.' शेरा मारणाऱ्याचं स्वतःचं हॉस्टेल होतं. पण त्यानं खोटं काय लिहिलं होतं? नाव आक्कांचं, पान रमीचं. मी ज्या आडनावाला झाकायला निघालो होतो आणि त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं होतं, ते आता त्या बाईच्या फोटोखाली होतं.

प्रवेशाचे दिवस तोंडावर. पुढच्या वर्षीच्या मुलींचे बाप फोन उचलेनासे झाले होते. राहत असलेल्या मुलींपैकी दोघींचे मामा येऊन बॅगा घेऊन गेले होते. आक्कांकडं दुसरं काहीच नव्हतं. ते दोन मजले आणि ते नाव.

मी सकाळच्या बसनं लातूर गाठलं. वाटेत पूर्ण माफीनामा मनात तयार केला होता. ईमेलपासून सुरुवात, मग सर्व्हरचं खोटं, मग माझ्या स्वभावातले दोष, शेवटी त्यांनी मला हाकलून द्यावं अशी विनंती. आक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. प्रज्ञा दारात उभी होती, डोळे लाल. मी उभ्यानंच सुरू केलं. आक्का मेथी निवडत राहिल्या. मी माझ्या स्वभावापर्यंत आलो तेव्हा त्यांनी काड्यांचा ढीग बाजूला केला.

"तुझी माफी लई जागा खाती गजानन. तुझ्या आभाळावाणी हाय. उघडतच न्हाई." त्यांनी हात पदराला पुसले. "आता रडू नको. पासवर्ड सांग."

"कशाचा?"

"सगळ्याचा. माझ्या ज्या ज्या दाराची किल्ली तुझ्याकडं हाय, त्या सगळ्याचा."

मी सांगितला. सगळ्याला एकच होता: माझं नाव आणि पुढं एक दोन तीन.

"फुडं चार येत नव्हतं का?" आक्का म्हणाल्या. प्रज्ञा रडता रडता हसली आणि मग तिला त्याचाच राग आला. "आई, बंद करून टाक ती साइट. नावच नको. लोक विसरतील."

"बंद केली की रमीच खरी ठरती," आक्का म्हणाल्या. "जुनं नाव मिळतं का परत?" मी मान हलवली. ज्यानं उचललं होतं तो सोडणार नव्हता. "मग नवं घे. माझ्या नावावर. माझ्या फोनवर. आन् आठवण आली तर ती प्रज्ञाच्या फोनवर बी यावी. मी म्हातारी हाय, मला मरायचं हाय, नावाला न्हाई."

तिथंच ओट्यावर बसून नवं नाव घेतलं. प्रज्ञानं लॅपटॉप मांडीवर घेतला. मला हात लावू दिला नाही. सुदैवानं मजकूर माझ्या संगणकावर शिल्लक होता, तोही योगायोगानं. "योगायोगानं ऱ्हायलंय म्हंजी न्हाईच ऱ्हायलं," आक्का म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून साइटची एक नक्कल पेनड्राइव्हमध्ये घालून तूरडाळीच्या डब्यात ठेवली जाऊ लागली. मग त्यांनी पहिल्या पानाच्या वरची सूचना सांगितली. प्रज्ञानं टाईप केली:

'आमचं जुनं नाव दुसऱ्यानं घेतलं. तिथं आता रमी चालते. चूक वेबसाईट करणाऱ्याची, आणि सगळं त्याच्यावर सोडून देणाऱ्या माझी. आमच्याकडं पत्ते नाहीत, मुली आहेत. शंका असेल त्यांनी येऊन मोरी बघावी. विमल सोनकांबळे.'

"आक्का, तुमची चूक कशाला लिहिता?" मी म्हणालो. "माझं नाव टाका. ठळक टाका."

"तुझं नाव वाचून कोण पोरगी धाडणार हाय? घर माझं. किल्ली तुला दिली ती मी."

हीच सूचना त्यांनी आपल्या आवाजात बोलून पालकांच्या ग्रुपवर टाकली. मग आम्ही तिघं ओट्यावर फोनकडं बघत बसलो. निळ्या खुणा येत होत्या. म्हणजे लोक ऐकत होते. कोणी काही लिहीत नव्हतं. एकानं हात जोडलेलं चित्र टाकलं. ते कोणाच्या बाजूनं होतं ते कळायला मार्ग नव्हता. हॉस्टेलवाल्यानं लिहिलं, 'बोलायला काय जातंय.' आक्का पुन्हा मेथी निवडू लागल्या. निवडलेलीच पानं त्या पुन्हा निवडत होत्या, एवढं मला दिसत होतं.

मग माधवरावांच्या नंबरवरून मजकूर आला. पण लिहिणारे माधवराव नव्हते. 'मी शांताबाई बिलोली. माझी पोरगी तिथं ऱ्हाते. मी तिथं जेवलेली हाय. धाकटीला बी तिथंच घालणार.'

आक्कांनी ते दोनदा वाचून घेतलं. चष्मा काढला. "खोटं बोलायली बाई," त्या म्हणाल्या. "पाणी बी प्याली नव्हती माझ्या घरचं."

त्यानंतर ग्रुपवर आणखी दोन-तीन जणांनी लिहिलं. सगळे परत आले असं मी म्हणणार नाही. काही बापांनी पुन्हा फोन उचललाच नाही, वरच्या मजल्यावरची एक खोली वर्षभर रिकामी राहिली, आणि त्या खोलीवरून जाताना आक्का माझी आठवण काढायच्या असं प्रज्ञा सांगते. पण वसतिगृह टिकलं.

जूनमध्ये शांताबाई धाकटीला घेऊन आल्या. मीही होतो, त्या दिवसांत मी कारण नसताना लातूरला जायचो. बॅग खोलीत टाकून शांताबाई थेट स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून बसल्या. अजून भाकऱ्या भाजून व्हायच्या होत्या.

"वाढा आक्का. गुरुपवर लिवून बसले. आता खरं करावं लागंल."

आक्का तव्याकडं बघत म्हणाल्या, "आज मंगळवार हाय."

"हाव. सोडला मंगळवार."

आक्कांनी ताट वाढलं. वरण, भाकरी, ठेचा, कांदा. वर फक्त एवढंच म्हणाल्या, "मीठ कमी असंल तर सांग." शांताबाई जेवल्या, आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. ते खरंही होतं. त्या वर्षी मला वेबसाईटीबद्दल जे काही कळलं त्यात या जेवणाचा वाटा मोठा आहे, पण ते गिऱ्हाइकांना समजावून सांगता येत नाही.

त्यानंतर आक्का माझी गावभर 'रमीवाला' म्हणून ओळख करून देत. लग्नात, दवाखान्यात, बँकेत. "हे आमचे रमीवाले. काम चांगलं करतात, फक्त किल्ली देऊ नका." माझा धंदा त्यानं बुडायला हवा होता. उलट लातुरातून लोक येऊ लागले आणि पहिल्यांदाच म्हणू लागले, नाव आमच्या नावावर घ्या, पासवर्ड आम्हाला लिहून द्या. मी देतो. गिऱ्हाइकं निघताना मी सांगतो, पासवर्ड मला न विचारता बदलून टाका. ती दचकून बघतात.

मागच्या हिवाळ्यात आक्का गेल्या. आदल्या संध्याकाळी मुलींवर ओरडल्या होत्या, सकाळी उठल्या नाहीत. मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी लातूरला गेलो. अंगणात मांडव होता. बुद्धवंदना झाली. बिलोलीहून शांताबाई आणि माधवराव आले होते. शांताबाई सकाळपासून चुलीजवळ होत्या, आणि त्यांना तिथून कोणी उठवत नव्हतं. माजी सभापतींनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स पाठवला होता. त्यात सभापतींचा फोटो आक्कांच्या फोटोपेक्षा मोठा होता. मला त्यातली रचना ओळखीची वाटली. तो फ्लेक्स माझ्याच दुकानात झाला होता.

मला राहवेना. मुली जेवत होत्या तेव्हा मी प्रज्ञाला बाजूला घेऊन म्हणालो, साइटवर काहीतरी करायला हवं. पहिलं पान मी बनवून देतो. आक्कांचा मोठा फोटो, भोवती फुलं, एक तेवती ज्योत, खाली दोन शब्द माझ्या मनातले. मी त्यांचा किती ऋणी आहे ते लिहीन, आणि जे घडलं त्याबद्दलही एकदा सविस्तर. तेवढा पासवर्ड दे.

प्रज्ञानं माझा हात धरला. खूप मायेनं धरला. "काका, पासवर्ड तुम्हाला द्यायचा नाही असं आईनं सांगून ठेवलंय."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. गाडी गाव सोडून निघाली तसा मी फोन काढला आणि साइट उघडली. सवयीनं आधी तळाशी गेलो. आक्कांचा नंबर तिथं नव्हता. प्रज्ञा सोनकांबळे, आणि तिचा नंबर. शेजारी बदल केल्याची तारीख. ती आक्का गेल्या त्याच दिवसाची होती. मग वर आलो. मोरीचा फोटो होता तिथंच होता. त्याच्यावर चार ओळी:

'विमल सोनकांबळे गेल्या. वसतिगृह आणि मेस चालू आहे. वरण आता प्रज्ञा करते. चव बदलली आहे, मुलींनी थोडे दिवस सांभाळून घ्यावं.'

गाडी माळावरून चालली होती. फोनला एकच रेघ होती, तरी पान लगेच उघडलं होतं.